साफ केलेला आवाज

माझ्या आईचा आवाज मोठा आहे. मी स्वतःच सांगून टाकते, कारण लोकांना ते सांगायची फार घाई असते. शेजारीण सांगते, दवाखान्यातली नर्स सांगते, बँकेतला माणूस काचेपलीकडून तळहात खाली दाबत सांगतो, "बाई, हळू बोला." आई अकोल्यात एका डाळ मिलमध्ये डाळ निवडते. माझ्या जन्माआधीपासून. मशीनच्या आवाजानं तिचे कान गेले, स्वतःचं बोलणं तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्यानं बोलते. इतकं सरळ आहे ते. पण लोक म्हणतात, बाई भांडखोर दिसते.

हे मी रागानं लिहिते आहे. निवळेल म्हणून तीन वर्षं थांबले. निवळला तर नाहीच, लोणच्यासारखा मुरला. कोणावर आहे म्हणाल, तर आमच्या सरांवर आहे, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांवर आहे, त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या हॉलवर आहे. आणि या सगळ्यांच्या आधी माझ्यावर आहे.

मी तेव्हा अमरावतीला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी अकोल्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की उठून दारात उभं राहायचं, बडनेऱ्याला उतरून ऑटोनं कॉलेज. वर्गात माझी एकच मैत्रीण होती, बाळापूरकडची. तिच्या घरी काळी कसदार जमीन, विहीर, ट्रॅक्टर. माझ्या घरी आईची मिल आणि वडिलांची शाळेतली शिपायाची नोकरी. ती हॉस्टेलवर राहायची आणि माझ्या डब्यातली भाकर खायची. बोलायला माझ्यापेक्षा तिखट. आमचं बरं जमायचं.

सर मुंबईत शिकून परत आलेले, पस्तिशीचे. ते वाईट शिक्षक असते तर मला हे लिहायची गरजच पडली नसती. वाईट शिक्षकावर कोण तीन वर्षं राग धरतं? त्यांनी आम्हाला ऐकायला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात डोळ्यांना रुमाल बांधून राजकमल चौकात उभं केलं आणि जे जे ऐकू येईल ते वहीत लिहायला लावलं. रुमाल बांधून वहीत लिहिलेली ती गिचमिड अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसापर्यंत आवाज म्हणजे मला फक्त त्रास वाटायचा. तो मातीसारखा हातात घेता येतो, मळता येतो, हे त्यांनी दाखवलं.

शेवटच्या सत्रात त्यांनी काम दिलं. अकोल्याचे एक म्हातारे कवी आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. त्यांची एक कविता सरांनी वर्गात वाटली. कविता म्हणजे एक पुस्तिकाच, आणि त्या पुस्तिकेत एकच वाक्य. पहिल्या पानावर ते पूर्ण आहे: "बोला, मी ऐकतो आहे, पण तुमचा आवाज येत नाही, पुन्हा बोला." दुसऱ्या पानावर तेच वाक्य, एक अक्षर गळालेलं. तिसऱ्यावर आणखी एक गळालेलं. असं करत करत शेवटची तीन पानं कोरी. वर्गातल्या एकानं विचारलं, "सर, हे छापायचं राहिलं का?" सगळे हसले. सर म्हणाले, या कवितेचं चित्र काढायचं नाही, तिला पार्श्वसंगीतही द्यायचं नाही, तिला आवाजानं उत्तर द्यायचं. दोघा-दोघांनी मिळून. महिन्याभरानं प्रदर्शन.

मग जो तो आवाज गोळा करायला निघाला. दोघं जण सेमाडोहला जाऊन जंगल भरून घेऊन आले. त्यात जिप्सीचे हॉर्न आणि पर्यटकांचं "वाघ कुठे आहे" एवढंच निघालं, तर बिचारे दोन दिवस बसून पाखरं तेवढी वेचत होते. एकानं स्वतःच्या छातीचे ठोके घेतले. तो जिथे तिथे फोन छातीला लावून बसायचा. आम्हा दोघींना मात्र काही सुचेना. मी पुस्तिका घरी नेली आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवली, म्हणजे तिच्या कानाशी ओरडून दाखवली.

आई म्हणाली, "म्हंजे त्याले काई ऐकू येत नाई, तरी तो बोला म्हनते?"

"हो."

"मंग त्याले म्हना, आमच्या मिलमध्ये ये."

झालं, आम्हाला काम सापडलं. मी आईला म्हटलं, मशीनचा आवाज पाहिजे. ती हसली. "मशीनचा काय आवाज ऐकतं वं? आमी त्याच्यापायी बहिऱ्या झालो आन् तुमी त्याचे कागदावर मार्क घेता." पण तयार झाली. फोन ती तसाही ब्लाउजमध्ये छोट्या कापडी पिशवीत ठेवते. शनिवारी सकाळी मी त्यात रेकॉर्डिंग चालू करून पिशवीची नाडी बांधून दिली. संध्याकाळी आली तेव्हा फोन बंद पडलेला, पण सहा तासांचा आवाज त्यात उतरलेला. आई म्हणाली, ती तर विसरूनच गेली होती.

सोमवारी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही तो लावला. काय आवाज होता! मी लहानपणी आईचा डबा घेऊन मिलमध्ये गेलेली आहे, पण तेव्हा कान झाकून पळायची. आता ऐकला. चाळण्यांची थरथर, वर चढणाऱ्या पट्ट्याची कुरकुर, डाळ लोखंडावर पडत राहते तिचा न थांबणारा सडा. फक्त मध्ये मध्ये पिशवीचं कापड घासल्याची खसखस येत होती. ती काढावी म्हणून मैत्रिणीनं एक सॉफ्टवेअर उघडलं. त्यात माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंधळ पुसता येतो. खसखस काही जाईना, तेव्हा तिनं गंमत म्हणून पट्टी पार शेवटापर्यंत ओढली. मिल पुसली गेली आणि आतून माझी आई बोलायला लागली.

आई काय बोलत होती ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही त्याचसाठी इथवर वाचत आला असाल तर पुस्तक मिटा. एवढंच सांगते, की त्यात माझे वडील होते, माझी आत्या होती, मी होते. आणि एक वाक्य असं होतं, की ते आईनं कोणाही जित्या माणसासमोर जन्मात उच्चारलं नसतं. ती सलग बोलत होती, कोणाशी तरी बोलल्यासारखी, आणि तिच्या शेजारून आणखी दोन-तीन बायांचे आवाज येत होते, त्याही बोलत होत्या, पण एकमेकींशी नाही. ज्या त्या आपापलं.

मला समजायला थोडा वेळ लागला. निवडणाऱ्या बाया धुळीपायी नाकातोंडावर फडकं बांधून बसतात. लहानपणी मी पाहायची, त्यांची फडकी तोंडापाशी सारखी हलायची. मला वाटायचं, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात. खर्रा नव्हता तो. त्या दणदणाटात शेजारणीला शेजारणीचं ऐकू येत नाही, फडक्यामुळे ओठ दिसत नाहीत, तेव्हा ज्या बाईला जे कुठेच बोलता येत नाही ते ती तिथे मोठ्यानं बोलून टाकते. सासूला, नवऱ्याला, मुनिमाला, मेलेल्या लेकराला. वर्षानुवर्षं. कोणी कोणाला हे शिकवलेलं नाही, कोणी कोणाला विचारतही नाही. पुढे आईनंच मला सांगितलं, "तिथं बोललं का जिरते. मशीन घेऊन जाते सारं."

ते आम्ही मशीनकडून परत काढून घेतलं होतं.

मैत्रीण रडत होती. डोळे पुसून म्हणाली, "हेच लावू. दुसरं काईच नको."

मी म्हटलं, "नाही."

"अवं, लोकायले ऐकू तर येऊ दे! तुही माय एवढं बोलून राहिली आन् आजवर कोनाच्या कानी नाई गेलं."

"ती कानी जावं म्हणून बोललीच नाही."

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस ती माझ्या डब्यातलं जेवली नाही. तिचं म्हणणं चूक होतं असं आजही मला छातीठोक म्हणता येत नाही. तिला माझ्या आईची कणव आली होती. पण आवाज माझ्या आईचा होता, आणि तिच्याबरोबर आणखी तिघींचा, ज्यांना आपण कुठे भरल्या गेलो आहोत हे ठाऊकही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीनं माझं ऐकलं. आम्ही न पुसलेली, दणदणती मिल घेतली. अकरा मिनिटं. कवितेतलं एकेक अक्षर गळतं तसा आवाज पायरीपायरीनं उतरवत नेला आणि शेवटी तीन कोऱ्या पानांच्या जाडीची शांतता ठेवली. त्या दणदणाटात चार बाया बोलत आहेत आणि ऐकणाऱ्याला एक शब्दही लागत नाही. कवीच्या वाक्याला हे उत्तर होतं. मला अजूनही वाटतं, आमच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. ते कोणी ऐकलं नाही.

आता माझी चूक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं केलं मी. सरांना अकरा मिनिटं ऐकवली. ते म्हणाले, "चांगलं आहे. थोडं एकसुरी होतंय का?" बस, एवढंच म्हणाले. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांनाच ऐकू आलं नाही! मला त्यांना दाखवून द्यायचं होतं, की या एकसुरी आवाजाच्या पोटात काय आहे. मी म्हटलं, "सर, एक मिनिट." मैत्रीण मागून माझी ओढणी ओढत होती. मी साफ केलेली फाइल उघडली, इयरफोनची एक बाजू त्यांना दिली, एक माझ्या कानात घातली. चार मिनिटं. त्यांचे डोळे भरून आले. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आईचं पोटातलं त्यांच्या कानात ओतून मला अभिमान वाटला.

नंतर मी म्हटलं, "हे लावायचं नाहीये, सर. फक्त तुम्हाला कळावं म्हणून."

ते म्हणाले, "बरं."

एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही फाइली होत्या. मी तो तसाच त्यांच्याकडे जमा केला.

प्रदर्शन रविवारी ठेवलं होतं, म्हणजे आईला सुट्टी. ती जयंतीला नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली. सोबत मिलमधली तिची शेजारीण, जिला मी मावशी म्हणते. मावशीला मिलमध्ये लागून सहाच वर्षं झालेली, तिचे कान अजून शाबूत. वडील आले नाहीत, आत्याकडे गेले होते. दोघी गाडीत बसून मुरमुरे खात आल्या. कॉलेजच्या फाटकातून आत येताना आई म्हणाली, "माह्या मशीनले पाह्याले आली व मी." ते अख्ख्या आवाराला ऐकू गेलं. दोन पोरं वळून हसली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती चालू लागली.

हॉलमध्ये काळे पडदे, चारी कोपऱ्यांत स्पीकर. आधी अर्थातच दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग शाल-श्रीफळ, मग ज्याला शाल दिली तो ज्यानं दिली त्याच्याबद्दल बोलणार. आवाजाच्या प्रदर्शनात तास-दीड तास नुसती भाषणं. मुंबईच्या पाहुण्या बाई स्टेजवर, शेजारी म्हातारे कवी, त्यांच्या अंगावर शाल. आईनं मला विचारलं, "हे काय म्हनून राहिले?" मी तिच्या कानाशी सांगितलं, "काही नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग एकेक काम लागायला लागलं. सेमाडोहची पाखरं झाली, छातीचे ठोके झाले. आमचं नाव पुकारलं. आईनं पदर सावरला आणि स्पीकरजवळची खुर्ची घेतली, आपल्याला थोडं तरी ऐकू यावं म्हणून. मिल सुरू झाली. आईनं मान डोलावली. तो दणका तिला पायातून, खुर्चीतून कळत होता. एक मिनिट बरोबर गेलं. मग मिल खाली उतरायला लागली. एवढ्या लवकर उतरायची नव्हती; सरांनी दोन्ही फाइली जोडल्या होत्या. आणि ती पूर्ण उतरून आईचा आवाज हॉलभर स्वच्छ उभा राहिला.

मी भिंतीला टेकून उभी होते. प्लग माझ्यापासून आठ पावलांवर होता. मी गेले नाही. का गेले नाही ते मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. लोक रडत होते हे मला दिसत होतं. पाहुण्या बाईंनी चष्मा काढला होता. पहिले काही क्षण मला ते गोड लागलं. नंतर लाज वाटली, पण गोड आधी लागलं.

स्टेजवर एकच माणूस वेगळं करत होता. कवींनी दोन्ही तळव्यांनी कान झाकून घेतले होते आणि मान खाली घातली होती. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला आवाज सोसवत नाही.

मग मावशीचा आवाज आला, रेकॉर्डिंगमधला. खरी मावशी आईशेजारी बसली होती. ती ताडकन उठली आणि चारी स्पीकरांकडे पाहायला लागली, यातल्या नेमक्या कोणत्या डब्यात आपण आहोत म्हणून. तिनं आईचं मनगट घट्ट धरलं. आईला काहीच कळेना. तिला माणसाचं बोलणं त्या स्पीकरमधून लागतच नाही. तिच्या दृष्टीनं मशीन बंद पडलं होतं आणि हॉलमधले लोक तिच्याकडे बघून रडत होते.

ती मला म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात, "काहून पाहून राहिले सारे माह्याकडं? काय वाजून राहिलं?"

आता सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागणार. मी तिच्या कानाशी वाकले. "तुझा आवाज आहे. मिलमधला."

"मिलमधी? मिलमधी कुठं माहा आवाज ऐकू येते?"

"मशीनचा पुसला. मी साफ केला तो."

स्पीकरमधून आई वडिलांबद्दल बोलत होती. मावशीनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काय काय ऐकू येतंय ते सांगितलं असावं. आईचा चेहरा मी कधी तसा पाहिलेला नाही. तिनं साडीचा पदर घेतला आणि नाकातोंडावर बांधला, मिलमध्ये बांधते तसा, आणि त्याच्या आतून म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं साफ कराले?"

तेव्हा मी गेले. आठ पावलं. प्लग असा ओढला की सॉकेट भिंतीतून बाहेर आलं.

फ्यूज उडून अंधार झाला, शांतता झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. त्यांना वाटलं, हे कामातच आहे. कोणीतरी पडदे सारल्यावर पाहुण्या बाईंनी माइक नसताना, दोन्ही हात छातीशी नेऊन सांगितलं, की आईनं तोंड बांधणं आणि लेकीनं वायर उपटणं हा क्षण त्या कधी विसरणार नाहीत, इतकं अस्सल त्यांनी महाराष्ट्रात कुठे पाहिलेलं नाही. अस्सल! माझी माय तोंडावर पदर बांधून बसली होती आणि या बाई तिला मार्क देत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर वऱ्हाडातली एकही शिवी शिल्लक राहिली नसती. आम्हाला पहिलं बक्षीस जाहीर झालं.

सरांना मी मागच्या पायऱ्यांवर गाठलं. मैत्रीण माझ्यासोबत होती. मी म्हटलं, "मी नाही म्हटलं होतं तुम्हाला."

ते म्हणाले, "अगं, तुझ्या लक्षात येतंय का काय झालंय आत? त्या बाई हे काम मुंबईला न्यायचं म्हणताहेत. तुझ्या आईसारख्या बायांचा आवाज आजवर..."

"माह्या मायचा आवाज तुमच्या कामाचा नाई, सर! थो तिचा आहे. तुमी तिले इचारलं? एकदा तरी इचारलं?"

"तू विचारलं होतंस, मला ऐकवण्याआधी?"

त्यांनी जे केलं ते नीचपणाचं होतं आणि ते जे बोलले ते खरं होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की राग कुठे ठेवावा कळत नाही. मैत्रीण मात्र पुढे झाली आणि तिनं सरांना जे सुनावलं त्यापायी तिचं वर्ष जाता जाता राहिलं. बक्षीस आम्ही दोघींनी घेतलं नाही. सर ती फाइल मुंबईला पाठवणार होते. मैत्रिणीनं त्यांच्यासमोर पेनड्राइव्ह दगडाखाली ठेचला आणि त्यांच्या लॅपटॉपमधली फाइल उभं राहून पुसायला लावली. मागाहून ती आणखी कुठे निघाली नाही, एवढंच समाधान.

बाहेर ऑटोची वाट पाहत असताना कवी आमच्याजवळ आले. शाल काढून हातात गोळा करून धरलेली. आईला त्यांनी हात जोडले, "जयभीम ताई." मग मला म्हणाले, "आमच्या एक्स्चेंजमध्ये कधी कधी लाइन चुकून जुळायची. दोन माणसं बोलत असायची आणि आपण मध्ये. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. जुळली की हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवायचा." मला त्यांनी बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एका पेपरनं आईचा पांढऱ्या साडीतला, तोंड बांधलेला फोटो छापला आणि खाली रेकॉर्डिंगमधलं तिचं ते वाक्य, जाड अक्षरांत, अवतरणचिन्हांत. नाव नव्हतं, पण आमच्या वस्तीत साडी ओळखायला नाव कशाला लागतं? वडिलांनी पेपर दोनदा वाचला, घडी घातली आणि गादीखाली ठेवला. त्यांनी आईला काहीही विचारलं नाही. आत्या तीन महिने घरी आली नाही. घरात मोठं भांडण झालं असतं तर मी निदान मध्ये पडले असते. झालं काही नाही. सगळे एकमेकांशी जपून बोलायला लागले, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात.

आई मात्र माझ्यावर रागावली नाही. मी वाट पाहत होते, की आज ओरडेल, उद्या ओरडेल. तिनं मला पहिल्यासारखाच डबा भरून दिला.

मिलमध्ये काय झालं ते मला गेल्या वर्षी कळलं. मी आता अमरावतीतच एका शाळेत चित्रकला शिकवते, सुट्टीला अकोल्याला जाते. दुपारी आई पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "मिलमध्ये बोलता का गं अजून? सगळ्या?"

"नाई," ती म्हणाली. "मावशीनं साऱ्यायले सांगतलं ना. आता फोन फाटकाजवळ ठेवून येतो आमी, तरी कोनी बोलत नाई. काय माईत, कोन्त्या डब्यात जाऊन पडन. नव्या पोरी येते निवडाले, त्यायले तर माईतच नाई का बाया इथं बोलत होत्या म्हून."

"आणि तू?"

"मी बी नाई."

"मग आता कुठे बोलतेस?"

तिनं पोळी तव्यावर टाकली, हात पिठात बुडवला आणि पुढचा गोळा घेतला.

"कुठंच नाई," आई म्हणाली.